वीस केबीचे साहेब

फोटो बारीक करावा तर तो या महादेवानंच! हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण गेल्या फेब्रुवारीपासून दुसरं कोणी सांगेनासं झालंय.

खानापूरच्या एका हायस्कुलात मी कारकून आहे. पंधरा वर्षं झाली, पोरांचे फॉर्म भरतोय. स्कॉलरशिपचा, परीक्षेचा, दाखल्याचा. फॉर्म कुठलाही असो, गाडी अडते ती फोटोवर. 'फोटो पन्नास केबीच्या आत हवा' असं कन्नडात आणि इंग्रजीत लाल अक्षरांत येतं आणि लोक मोबाईल घेऊन माझ्याकडे धावतात. मी मोबाईल घेतो, दोनदा बोट फिरवतो आणि चार एमबीचा पैलवान वीस केबीचा काटकुळा करून परत देतो. आजवर एकाही साईटनं माझा फोटो नाकारलेला नाही! गावात केस बारीक करायला लोक एकाच न्हाव्याकडे जातात, तसे फोटो बारीक करायला माझ्याकडे येतात.

त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. फोटो कुठंही पाठवायचा म्हणजे आधी बारीक करायचा. जड फोटो पाठवणं हे अडाण्याचं लक्षण!

आता आमच्या घरातल्या शहाण्या माणसाबद्दल. माझी बायको माधवी गावच्या मराठी शाळेत हेडबाई आहे. मुलं एकोणीस, खोल्या दोन. त्यातल्या दोन नंबरच्या खोलीचं छप्पर असं की पावसाळ्यात आतली मुलं बाहेर येऊन कोरडी होतात! 'जूनच्या आत छप्पर नीट केलं नाही तर खोली बंद करू' असं वरच्या ऑफिसातून पत्र आलेलं. एक खोली बंद झाली की चार वर्ग एका खोलीत, आणि मग लोक मुलांना खानापूरच्या शाळेत घालणार. म्हणजे शाळेचाच कारभार आटोपला. माधवीची या काळजीनं झोप उडाली होती.

तिनं जुनी रजिस्टरं उलटीपालटी करून एक नाव शोधून काढलं. कृष्णात मेत्री. त्र्याहत्तर साली याच शाळेतून चौथी पास. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, पण पोरगा शिकत गेला, पुण्यात मोठा इंजिनियर झाला, आणि आता रिटायर झालाय. माधवीनं त्यांना वर्षभरात सात पत्रं लिहिली. सातव्या पत्राला उत्तर आलं, 'शाळेच्या पंच्याहत्तरीला येतो. छप्पर बघतो. हार-तुरे, स्वागत काही नको.'

माधवीचा आनंद गगनात मावेना. म्हणाली, "अवो, आमच्या शाळेच्या ऑफिसात त्र्याहत्तरच्या चौथीचा ग्रुप फोटो हाय न्हवं? त्यात मेत्री सर न्हाईत. त्या दिवशी गैरहजर हुते म्हणं. म्हणून स्टेजवर त्यांचा फोटो मोठ्ठा लागायला पायजे. फ्लेक्सचं काम तुमच्याकडं. जमंल काय?"

"जमंल काय म्हणजे?" मी छातीवर हात मारला. "फोटोतलं मला शिकवतीस व्हय?"

साहेबांनी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. चार एमबीचा. फोटो आला की मी चेहरा बघत नाही, केबी बघतो. मी तो घेतला आणि सवयीप्रमाणे दोनदा बोट फिरवलं. वीस केबी! 'जुन्यावर नवीन सेव्ह करू का?' मोबाईलनं विचारलं. 'कर की,' म्हटलं. मोबाईलमध्ये जागा नसते हो, पोरांचे अंगठ्याएवढे नऊशे फोटो भरलेत. मग साहेबांचा चॅटमधला फोटोसुद्धा पुसून टाकला आणि वीस केबीचे साहेब बेळगावला फ्लेक्सवाल्या बसूकडे रवाना केले. एका सेकंदात पोचले! बघा, हलक्या फोटोचा हा फायदा.

तासाभरात बसूचा फोन.

"एन्री सर इदु? हे काय हो? फोटो पाठवलाय का फोटोचं पिल्लू?"

"का? दिसत न्हाय काय?"

"मोबाईलवर दिसतंय री. पण फ्लेक्स दहा फुटी हाय. तुमचा फोटो म्हंजे रुंदीला दीडशे ठिपके. पाच फुटावर ताणला की एकेक ठिपका बोराएवढा हुतोय. साहेब कुठला आणि शर्ट कुठला कळत न्हाय. मूळ फोटो पाठवा की."

मूळ फोटो! मूळ असतं तर काय हवं होतं? मी घसा साफ केला. "मूळ हाच हाय," म्हणालो. "साहेब तसे साधेच आहेत."

"मग परत मागून घ्या."

ते कसं मागणार? माधवीनं बजावलेलं, "साहेबांना सारखं सारखं त्रास देऊ नगा, एकदाच मागा." आणि घरात कळलं असतं की फोटोतला माणूस मी पुसून टाकलाय, तर माझा फोटो भिंतीवर लागायची वेळ आली असती. मी म्हणालो, "बसू, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की रे."

"एक नवीन अ‍ॅप हाय," बसू म्हणाला. "फाटका फोटो घातला की साफ करून देतंय. करू?"

"कर! कर! विचारतोस काय!"

संध्याकाळी बसूनं साफ केलेला फोटो पाठवला आणि मी बघतच राहिलो. काय फोटो होता! गोरापान चेहरा, काळेभोर दाट केस, मिशा अशा की तूप लावून पिळलेल्या, आणि एकेक पापणी मोजून घ्यावी. मला जरा शंका आली. माझ्याकडच्या अंगठ्याएवढ्या फोटोत नीट कळत नव्हतं. साहेब रिटायर झालेत ना? मी माधवीला सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, साहेबांच्या डोक्यावर केस हायत?"

"मी त्यांची पत्रं वाचलीत," ती वही तपासता तपासता म्हणाली. "केस न्हाय मोजले."

मग मीही म्हटलं, पुण्याची हवा मानवली असेल. छापा!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स आला. शाळेपुढं उलगडला तेव्हा सारा गाव जमला. शाळा समितीचे अध्यक्ष भावकू अण्णा तर दोन पावलं मागं सरले. "महादेवा, काय फोटो काढलायस रं! साक्षात समोर हुबं राह्यल्यागत वाटतंय!"

मी खाली मान घालून हसलो. एवढ्यात गर्दीतून मालुबाई पुढं आल्या. वय बासष्ट, पण नजर घारीची. ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत दोन वेण्या घालून बसलेली मुलगी म्हणजे याच. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "ह्यो कोन?"

"कोन म्हंजे? तुझ्या वर्गातले मेत्री साहेब!"

"ह्यो आमचा किसन्या न्हवं."

"आक्का, पन्नास वर्सं झाली. माणूस बदलतोय," भावकू अण्णा म्हणाले.

"माणूस बदलंल, खोक कुठं जाईल? किसन्याच्या डाव्या भिवईवर खोक हाय. पेरूवरनं भांडण झालंतं, मीच दगड मारलता! ती कुठाय दाखवा."

आम्ही सगळे फ्लेक्सजवळ गेलो. भिवई कशी, कोरून काढल्यासारखी! खोकेचा पत्ता नाही. पण बोलायला मी काय कच्च्या गुरूचा चेला? म्हणालो, "आक्का, आजकाल फोटो साफ करतात. खोक, डाग, सुरकुत्या सगळं जातंय."

"मग माणूस बी जातोय वाटतं," असं म्हणून त्या पदर झटकून निघून गेल्या. लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूर स्टेशन. 'स्वागत नको' असं साहेबांनी लिहिलेलं, पण मोठी माणसं तसं लिहितातच, असं भावकू अण्णांचं मत. त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली, हार, नारळ, केळ्याचे दोन घड, आणि मष्णूचा हलगीचा ताफा. ट्रॉलीच्या तोंडाला फ्लेक्स दोन बांबूंना बांधलेला. आमच्यापैकी साहेबांना प्रत्यक्ष कोणीच पाहिलेलं नव्हतं. पण घाबरायचं कशाला? दहा फुटी फोटो बरोबर होता!

गाडी आली. माणसं उतरली. आणि काय सांगू! तिसऱ्या डब्यातून फ्लेक्सच खाली उतरला! तोच गोरापान चेहरा, तेच काळेभोर केस, त्याच पिळदार मिशा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्या अ‍ॅपनं कुणाचा चेहरा कुठून आणून बसवला होता देव जाणे, पण तो त्या दिवशी पायात कोल्हापुरी चप्पल घालून खानापूरच्या प्लॅटफॉर्मवर उभा होता. माझ्या जिवात जीव आला. मालुबाईंची नजर गेली, दुसरं काय!

"साहेब!" मी ओरडलो. मष्णूनं हलगी कडकडवली. भावकू अण्णांनी हार घातला.

पाहुणे गांगरले. "मला न्यायला आलाय न्हवं?"

"व्हय साहेब! तुमालाच!"

"माणूस पाठवतो म्हणलता, पर एवढी माणसं?" त्यांनी हलगीकडं, नारळाकडं संशयानं पाहिलं. "हे बघा, आदीच सांगून ठेवतो. हार घातला म्हणून मी दर वाढवणार न्हाय!"

आम्ही खो खो हसलो. मोठी माणसं किती विनोदी असतात!

एवढ्यात माझ्या खांद्याला कुणाचा तरी हात लागला. मागं साठीचा एक सडपातळ, सावळा माणूस उभा. डोक्याला भिवयांपर्यंत ओढलेली कानटोपी, खांद्याला कापडी पिशवी.

"शाळेत कार्यक्रम हाय तिकडं जायचं हुतं. काय गाडी मिळंल काय?"

"आमी तिकडंच चाललोय," मी घाईत म्हणालो. "पर आज पाव्हणे हायत, फुडं जागा न्हाय. मागं ट्रॉलीत बसा. आणि हे बघा, बसलाच हायसा तर तेवढा फ्लेक्सचा बांबू धरा. वाऱ्यानं हलतोय."

त्यांनी फ्लेक्सकडं पाहिलं. वरचा चेहरा पाहिला. खालचं नाव वाचलं. मग पुन्हा चेहरा पाहिला.

"हे कोन?" त्यांनी विचारलं.

"कृष्णात मेत्री साहेब! एवढा मोठा माणूस, वळखत न्हाय?"

"आता बघतोय," ते म्हणाले आणि बांबू धरून बसले. वाटेत बघतो तर एकटेच हसत होते. मला वाटलं, ट्रॉलीत बसायची सवय नसेल.

शाळेच्या दारात माधवी आरतीचं ताट घेऊन उभी होती. नवी साडी, हातात सात पत्रांची फाईल. पाहुण्यांना ओवाळून ती थेट दोन नंबरच्या खोलीत घेऊन गेली. "सर, भाषणं मागनं हुतील. आधी तुमी हे बघा."

पाहुण्यांनी वर पाहिलं. फुटक्या कौलांतून आभाळ दिसत होतं. "गोठा ऐसपैस हाय," ते म्हणाले. "पर वरनं पार उघडा पडलाय की!"

माधवीचा चेहरा उतरला. "गोठा न्हवं सर, वर्ग हाय. ह्याच्याचसाठी तर तुमाला बोलावलंय."

"मला? मी काय गवंडी हाय? जनावर कुठं बांधलंय ते दाखवा!"

माधवी माझ्याकडं बघायला लागली. मी तिला बाजूला घेतलं. "अगं, लहानपणी म्हशी राखल्या असतील त्यांनी. जुन्या आठवणी दाटून आल्या असतील!"

"सात पत्रं लिवली मी," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला पहिल्यांदाच आतून काहीतरी टोचलं. पण आता करतो काय? स्टेज तयार होतं, ट्रॉलीवरचा फ्लेक्स तिथं लागला होता आणि मुलांचं स्वागतगीत सुरू झालं होतं.

गीत संपलं. भावकू अण्णांनी माईक पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुणे उभे राहिले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मंडळी, हार घातलासा, हलगी वाजवलासा, पोरीबाळींनी गाणं म्हटलं. लई उपकार. पर सकाळधरनं बघतोय, मूळ गोष्ट कोनच काढत न्हाय! दुसऱ्या वेताची हाय म्हणलासा. दूध किती देती? मारकी हाय का गरीब? आणि बघितल्याबिगर मी सौदा करत न्हाय म्हंजे न्हाय!"

पहिलीतल्या एका पोरानं तेवढी टाळी वाजवली.

"कसलं दूध, साहेब?" भावकू अण्णा कसेबसे म्हणाले.

"आवो, म्हशीचं! मी निपाणीचा मारुतीराव. ह्या गावच्या मष्णूची म्हैस इकायची हाय म्हणून फोनवर बोलणं झालंय. स्टेशनला माणूस पाठवतो म्हणला, आणि हिकडं सगळा गावच पाठवला!"

"आरं बापरं!" हलगीवाला मष्णू उठून उभा राहिला. "पाव्हणं, मष्णू मीच! मी स्टेशनवर तुमालाच हुडकत हुतो की! पर हे सगळे म्हणले तुमी साहेब, मग मी बी वाजवत राह्यलो!"

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. फ्लेक्सवरचा माणूस आणि स्टेजवरचा माणूस दोघंही एकाच मिशीनं माझ्याकडं बघत होते.

"महादेवा," भावकू अण्णांचा आवाज फाटला. "मग साहेब कुठायत?"

साहेब? चार एमबीचे साहेब मी वीस केबी केले. वीस केबीचे बसूनं मारुतीराव केले. मधले खरे साहेब कुठं गेले ते मलाच कळेना! गाडीतच राहिले? पुढं लोंढा स्टेशनला पोचले? का मोबाईलमधून पुसले तसे इथूनही पुसले गेले?

इतक्यात मालुबाई उठल्या. स्टेजच्या कडेला, वाऱ्यानं हलणारा फ्लेक्सचा बांबू धरून कानटोपीवाला माणूस अजून उभाच होता. मालुबाई तडक त्याच्यापुढं गेल्या आणि काही विचारपूस न करता त्याची कानटोपी वर सरकवली. डाव्या भिवईवर पांढरी रेघ, स्पष्ट! आणि डोक्यावर औषधाला केस नाही.

"किसन्या! आल्या आल्या सांगायचं न्हाय व्हय रं?"

"माले," तो माणूस हसला, "दगड घेऊन आलीस का काय म्हणून गप हुतो."

मी डोकं धरून खालीच बसलो. प्रमुख पाहुण्यांना मी ट्रॉलीत बसवलं होतं. त्यांच्याच फ्लेक्सचा बांबू त्यांच्याच हातात दिला होता. माधवीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा आकार एका केबीत बसणारा नव्हता.

साहेब स्टेजवर आले. मारुतीरावांनी आपला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि शेजारीच बसून घेतलं, जागा चांगली होती.

"मी स्वागत नको म्हणून लिवलं हुतं," साहेब म्हणाले. "ते परस्पर टळलं, बरंच झालं. त्र्याहत्तर साली ग्रुप फोटो निघाला त्या दिवशी मी आईसंगं दुसऱ्याच्या खळ्यावर भात मळायला गेलतो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर फोटोवाला गेलता. शाळेत आपला फोटो न्हाय, ह्याचं मला लई वाईट वाटायचं. इंजिनियर झालो तरी वाटायचं. आज पयल्यांदा ह्या शाळेत माझा एवढा मोठा फोटो लागला..." ते मागं वळून फ्लेक्सकडं बघायला लागले, "आणि तो बी निपाणीच्या पाव्हण्याचा!"

सगळी सभा हसली. साहेबही पोट धरून हसले. मग गंभीर झाले.

"ट्रॉलीतनं उतरल्यावर मी ती खोली बघून आलोय. बाई, माझ्या वेळंला बी त्याच कोपऱ्यात गळायचं. मी तिथंच बसायचो. छप्पर मी करून देतो. जूनच्या आदी."

माधवीनं डोळ्यांना पदर लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

"फकस्त एक अट हाय," साहेब पुढं म्हणाले आणि त्यांनी बरोबर माझ्याकडं बोट केलं. "उद्घाटनाचा फोटो ह्यांच्या हातात देऊ नका."

मे महिन्यात छप्पर झालं. लाल पत्रे, त्यांच्याखाली लोखंडाच्या पक्क्या कैच्या, थेंब आत यायची बिशाद नाही. तो फ्लेक्स सध्या भावकू अण्णांच्या भाताच्या पेंढ्याच्या गंजीवर झाकलाय. मारुतीरावांनी मष्णूची म्हैस नेली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या फोटोची फाईल पाठवा. एवढा चांगला फोटो माझा कुणी काढला न्हवता. पर बारीक करू नगासा!"

उद्घाटनाच्या आधी साहेबांचा फोटो आला. पोस्टानं, जाड पुठ्ठ्यात घालून, हेडबाईंच्या नावानं. मागं निळ्या शाईत लिहिलेलं, 'हा फोटो मोबाईलला दाखवू नये. आहे तसा लावावा.' आणि फोटो केवढा? पासपोर्ट साईज!

आहे तसाच लावला. ग्रुप फोटोच्या शेजारी, भल्यामोठ्या भिंतीवर, बोटभर फोटो. बघायला येणाऱ्याचं नाक भिंतीला टेकतं. पहिल्या दिवशी मालुबाई चष्मा लावून गेल्या, बराच वेळ नाक टेकून उभ्या राहिल्या, आणि मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "हाय. खोक हाय."

त्या दिवशी लोक गेल्यावर मी माधवीला हळूच म्हणालो, "काय गं, जरा लहान वाटतोय. बसूकडनं मोठा करून आणू काय?"

तिनं ऑफिसला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.